प्रेममालिकेचा पहिला भाग: ‘छान आहे, पण पुढचा पाहावासा वाटत नाही’ ही तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल तर

प्रेममालिकेच्या पहिल्या भागाचा मसुदा वाचून निर्माता, दिग्दर्शक किंवा वाहिनीची क्रिएटिव्ह टीम जो अभिप्राय देते, त्यात एक तक्रार इतक्या वेळा येते की तिला स्वतंत्र दोष मानून तिचे निदान करणे योग्य ठरेल. दोन्ही पात्रे आवडली, संवाद गोड आहेत, भेटीचा प्रसंगही जमला आहे, पण दुसरा भाग पाहायलाच हवा असे वाटत नाही, अशी ती तक्रार असते. लेखक मसुदा परत घेतो, भेट दोन प्रसंग आधी आणतो, संवादांना धार लावतो, शेवटी एखादा अपघात किंवा अनोळखी व्यक्तीचे आगमन घालतो आणि नवा मसुदा पाठवतो. अभिप्राय पुन्हा तोच येतो, फक्त शब्द बदललेले असतात.

या दुरुस्त्या लागू पडत नाहीत, कारण दोष त्या जागी नसतो. रहस्यकथेत पहिल्या भागाअखेर प्रश्न आपोआप उभा राहतो, कारण खून कोणी केला हे प्रेक्षकाला ठाऊक नसते. प्रेमकथेत शेवट पहिल्या जाहिरातीपासूनच ठाऊक असतो, कारण पोस्टरवर दोघे शेजारी उभे असतात. ‘काय होणार’ हा प्रश्न लेखकाच्या हातातून आधीच गेलेला असतो. ही दोन माणसे अशी असताना हे घडणार तरी कसे, एवढाच प्रश्न त्याच्याकडे उरतो. ते ‘अशी असताना’ पहिल्या भागात दिसले नाही, तर बाकी सगळे नीटनेटके असूनही प्रेक्षक समाधानाने टीव्ही बंद करतो. म्हणून पहिल्या भागापुरता मी एकच निकष मानतो: दोघांना एकमेकांकडे ओढणारी गोष्ट आणि त्यांना एकत्र येऊ न देणारी गोष्ट एकच असली पाहिजे. त्या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणांहून आणल्या की वरची तक्रार येते.

आपल्या जुन्या नाट्यविचारात शृंगाराचे संभोग आणि विप्रलंभ असे दोन प्रकार मानले आहेत, एक मीलनाचा आणि दुसरा विरहाचा. पहिला भाग लिहिताना आपण बहुधा पहिल्याचीच तयारी करतो आणि दुसरा ‘पुढे ट्रॅकमध्ये (म्हणजे कथेच्या पुढच्या टप्प्यात) आणू’ म्हणून सोडून देतो. विरहाचे बीज मीलनाच्या बीजातच नसेल, तर ते पुढे बाहेरून आणावे लागते आणि ते बाहेरून आणल्याचे प्रेक्षकाला लगेच कळते.

मसुद्याला हात लावण्याआधी दोन वाक्ये

मसुदा बाजूला ठेवावा आणि कोऱ्या कागदावर दोन वाक्ये लिहावीत. तिच्यात असे काय आहे की त्याचे लक्ष तिच्यावरून हटत नाही, हे पहिले वाक्य. तिच्यासोबत राहणे त्याला का जड जाईल, हे दुसरे. मग हीच दोन वाक्ये तिच्या बाजूने लिहावीत. उत्तरांत ‘सुंदर’, ‘प्रेमळ’, ‘साधी’, ‘जगावेगळी’ असे शब्द आले तर ते खोडावेत, कारण ते कोणत्याही मालिकेतल्या कोणत्याही नायिकेला लागू पडतात. पहिल्या वाक्याचे उत्तर तिच्या स्वभावातून आणि दुसऱ्याचे उत्तर तिच्या वडिलांच्या विरोधातून येत असेल, तर दोष सापडला असे समजावे.

उदाहरणासाठी एक कथाबीज घेऊ. नायिका आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या नियंत्रण कक्षात रात्रपाळीला फोन घेते. घाबरलेल्या माणसाकडून पत्ता काढून घ्यायचा, रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत त्याला काय करायचे ते सांगत राहायचे आणि गाडी पोहोचली की फोन बंद करून पुढचा घ्यायचा, हे तिचे काम आहे. त्या माणसाचे पुढे काय झाले हे ती कधीही विचारत नाही आणि म्हणूनच ती हे काम इतक्या शांतपणे करू शकते. नायक रुग्णवाहिकेवरचा वैद्यकीय सहायक आहे. रुग्णाला रुग्णालयात दाखल केले की त्याचे काम संपते, पण तो तिथून निघत नाही. नातेवाईक येईपर्यंत तो थांबतो, दुसऱ्या दिवशी चौकशीला जातो, आणि या थांबण्यामुळे त्याची गाडी पुढच्या कॉलसाठी उशिरा मोकळी होते.

आता दोन वाक्ये लिहून पाहावीत. तिची शांतता त्याला ओढते, कारण त्याला स्वतःला कोणतीच गोष्ट सोडून देता येत नाही आणि त्या आवाजाच्या आधाराने तो पहिल्यांदाच स्थिर होतो. पण तीच शांतता त्याला सहन होणार नाही, कारण ती माणसांना सोडून देण्यातून आलेली आहे आणि उद्या ती त्यालाही तशीच सोडून देऊ शकते. त्याचे थांबणे तिला ओढते, कारण कोणीतरी शेवटपर्यंत थांबते ही गोष्ट तिने तिच्या कामात कधी ऐकलेलीच नाही. पण तेच थांबणे तिला चालणार नाही, कारण तो जितका वेळ एका रुग्णापाशी थांबतो तितका वेळ तिच्या फोनवरचा दुसरा कोणीतरी गाडीची वाट पाहत असतो. दोघेही बरोबर आहेत. कोणी एकाने बदलायचे ठरवले, तर ज्यासाठी तो आवडला तेच नाहीसे होते. ओढणारी आणि अडवणारी गोष्ट एकच असण्याची ही गाठ हाती आली की खलनायकाशिवायही बरेच भाग लिहिता येतात, कारण प्रत्येक जवळिकीतून नवी अडचण जन्माला येते.

ही गाठ पहिल्या भागात कोणाच्याही तोंडून सांगायची नाही, हे मात्र आवर्जून लक्षात ठेवावे. नायिकेची मैत्रीण ‘तू कोणालाच जवळ येऊ देत नाहीस’ असे म्हणाली, की गाठ उलगडून टेबलावर ठेवल्यासारखी होते आणि प्रेक्षकाला शोधायला काही उरत नाही. असे वाक्य मसुद्यात आढळले तर ते काढावे आणि ज्या प्रसंगात ती खरोखर कोणाला तरी जवळ येऊ देत नाही तो प्रसंग आहे का, ते तपासावे. बहुतेक वेळा तो नसतो, आणि वाक्य त्या प्रसंगाची जागा अडवून बसलेले असते.

बाहेरचे अडथळे आणि गैरसमज

घरच्यांचा विरोध, आर्थिक अंतर, आधीचे ठरलेले लग्न, तिसरी व्यक्ती हे अडथळे टाकाऊ मुळीच नाहीत. त्यांच्यात एकच उणीव असते, की ते बाहेरच्या माणसाने हलवले की हलतात. वडील मानले, तिसरी व्यक्ती निघून गेली की कथा संपते. मग वडिलांना पुन्हा रागावावे लागते आणि तिसऱ्या व्यक्तीला परत यावे लागते. बाहेरचा अडथळा असा निवडावा की तो आतल्या गाठीवरच दाब देईल. आपल्या उदाहरणात वरिष्ठ अधिकारी नायिकेलाच उशिरा मोकळ्या होणाऱ्या गाड्यांची यादी करायला सांगतात. अडथळा बाहेरून आला, पण त्याने तिच्या स्वभावाला आणि त्याच्या स्वभावाला एकाच वेळी हात घातला. अशी यादी पहिल्या भागात एका संवादापुरती आली तरी पुढे अनेक भाग उपयोगी पडते.

गैरसमजाच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. पहिल्या भागाच्या शेवटी नायकाने नायिकेला दुसऱ्या कोणाबरोबर पाहिले आणि तो न बोलता निघून गेला, असा शेवट असेल तर दोघांना मनातल्या मनात एका खोलीत बसवावे आणि पाच मिनिटे खरे बोलू द्यावे. बोलून प्रश्न सुटला तर तो गैरसमज होता, आणि तो जितके भाग ताणला जाईल तितका प्रेक्षकाला पात्रांच्या बुद्धीचा राग येईल. बोलून प्रश्न आणखी घट्ट झाला तर तो संघर्ष आहे आणि तो ठेवावा.

भेटीचा प्रसंग गोड आहे, पण तो या दोघांचाच आहे का?

गाठ जागेवर असूनही तक्रार कायम राहिली, तर पुढचा संशय पहिल्या भेटीवर घ्यावा. तपासण्याची रीत सोपी आहे. भेटीच्या प्रसंगातून या दोघांना काढून दुसऱ्या एखाद्या मालिकेतली जोडी तिथे ठेवावी. प्रसंग तसाच चालत राहिला, तर तो या दोघांचा नाही. रुग्णालयाच्या मार्गिकेत धक्का लागून हातातली कागदपत्रे पडणे, दोघांनी एकदम वाकणे, नजरानजर आणि एक चुरचुरीत टोमणा हा प्रसंग कोणत्याही जोडीला बसतो. त्यातून दोघे देखणे आहेत आणि हजरजबाबी आहेत एवढेच कळते, आणि त्यातले पहिले तर कलाकारांची निवड झाली तेव्हाच ठरलेले असते.

आता त्याच कथाबीजातून, त्यांच्या कामातून भेट काढून पाहू. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यायचा असतो, आणि घरच्या माणसाला तो ताल सापडावा म्हणून नियंत्रण कक्षातून फोनवर मोजून दिले जाते. ही व्यवसायातली साधी माहिती आहे, पण प्रसंग तिच्यातच दडलेला आहे.

खोली. रात्र. फरशीवर एक वयस्कर गृहस्थ निपचित पडलेले. त्यांचा मुलगा छातीवर दाब देतो आहे. शेजारी फोन, स्पीकर चालू.

तिचा आवाज: एक, दोन, तीन, चार. थांबू नका. एक, दोन, तीन, चार.

तो दार ढकलून आत येतो, मुलाला खांद्याला धरून बाजूला करतो आणि स्वतः दाब देऊ लागतो. सहकारी यंत्राच्या पट्ट्या चिकटवतो.

तिचा आवाज: एक, दोन, तीन, चार.

तो: मॅडम, गाडी पोहोचलीय.

तिचा आवाज: वेळ सांगा.

तो: दोन अकरा. (दाब देतच) मोजत राहा ना.

क्षणभर काहीच ऐकू येत नाही.

तिचा आवाज: एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार.

सहकारी: थांब. नाडी लागतेय.

तो: मॅडम, ऐकलंत का? नाडी...

फोन बंद झालेला आहे.

या प्रसंगात दोघांनी एकमेकांना पाहिलेलेही नाही, आणि तरी जे व्हायला हवे ते सगळे झाले आहे. गाडी पोहोचल्यावर फोन ठेवण्याचा तिचा नियम तिने त्याच्या एका विनंतीवर मोडला, म्हणजे तिच्या बाजूने काहीतरी सुरू झाले. निकाल कानावर पडण्याआधी तिने फोन ठेवला, म्हणजे अडथळाही त्याच क्षणी दिसला. त्याला मोजणाऱ्या आवाजाची गरज वाटली, आणि ज्या व्यक्तीला बातमी सांगायची तीच निघून गेली. आता तो तिला शोधणार हे वेगळे सांगावे लागत नाही, आणि शोधल्यावर ती ऐकून घेणार नाही हेही प्रेक्षकाने ओळखलेले असते. ‘मोजत राहा ना’ हे वाक्य कागदावर अगदी साधे दिसते. अशा वाक्याला अधिक गोड करण्याचा मोह दुसऱ्या-तिसऱ्या मसुद्यात फार होतो, तो टाळावा.

मनातला भाव ज्या हावभावांतून आणि कृतींतून बाहेर दिसतो त्यांना जुने नाट्यशास्त्र अनुभाव म्हणते, आणि प्रेमाच्या आरंभी न बोलता केलेल्या कृतीचे सामर्थ्य किती असते याचे उत्तम उदाहरण ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पहिल्या अंकाच्या अखेरीस आहे. शकुंतला सख्यांबरोबर आश्रमाकडे निघते, आणि पायात दर्भाचा अंकुर रुतल्याचे, वल्कल फांदीत अडकल्याचे निमित्त करून मागे रेंगाळते. राजाबद्दल ती एक शब्दही काढत नाही. पहिल्या भागातल्या ज्या ज्या ठिकाणी पात्र आपल्या मनाबद्दल बोलते, तिथे तिथे असा एखादा रेंगाळण्याचा बहाणा सापडतो का ते पाहावे. सापडला की तो संवाद बहुधा गळून पडतो.

पहिली काही मिनिटे ओळखींत जात असतील तर

हा दोष सर्वांत सहज दिसतो आणि सर्वांत सहज दुरुस्त होतो, म्हणून त्यावर थोडेच लिहितो. आई, वडील, भाऊ, वहिनी, मैत्रीण, कार्यालयातला साहेब असे सगळे एकामागून एक येतात आणि प्रत्येकाला आपले नाते सांगणारे एकेक वाक्य मिळते. सख्खा भाऊ सख्ख्या बहिणीला ‘बाबा गेल्यापासून तूच तर हे घर चालवतेस’ असे सांगतो, जे तिला त्याच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पहिल्या भागात ज्या पात्राचा दोघांच्या गाठीशी संबंध येत नाही, ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या भागात आणले तरी काही बिघडत नाही. निवेदनाचा आवाज वापरून ही माहिती देणे हा उपाय वरवर सोयीचा वाटतो, पण मग प्रेक्षक ऐकत बसतो आणि पाहणे थांबवतो. कलाकारांच्या करारामुळे सगळी पात्रे पहिल्याच भागात दिसायला हवीत अशी अट असेल, तर त्यांना एकत्र एखाद्या कामात गुंतवावे आणि नाती त्या कामातून कळू द्यावीत.

भागाचा शेवट जोरदार आहे, तरी ओढ लागत नाही

शेवट कमकुवत असल्याची तक्रार आली की लेखक घटना मोठी करतो. अपघात, बेशुद्धी, अचानक आलेले पत्र, दारात उभी राहिलेली जुनी प्रेयसी. या घटनांनी प्रेक्षक दचकतो खरा, पण दचकणे आणि ओढ लागणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटच्या दृश्यानंतर प्रेक्षकाच्या मनात जो प्रश्न उरतो तो लिहून काढावा. ‘गाडीखाली कोण सापडले?’ हा घटनेचा प्रश्न आहे आणि दुसऱ्या भागाच्या पहिल्याच मिनिटात तो संपतो. ‘नाडी लागली हे तिला कळले तर ती आता फोन ठेवू शकेल का?’ हा नात्याचा प्रश्न आहे आणि तो संपायला पूर्ण मालिका लागू शकते. चांगल्या शेवटात पहिला प्रश्न दुसऱ्याला जागे करतो. आपल्या उदाहरणात नायक नियंत्रण कक्षाच्या दारात येऊन उभा राहतो, तिचा आवाज काचेपलीकडून ओळखतो, आणि त्याच क्षणी ती फोनवर त्याच्याच गाडीचा क्रमांक घेत विचारत असते, की ही गाडी अजून मोकळी का झालेली नाही. इथे भाग थांबवला तर कोणतीही मोठी घटना न घडताही दोघांच्या स्वभावांची टक्कर प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर उभी राहते.

इथे मालिकेचा प्रकार लक्षात घ्यावाच लागतो. अर्ध्या तासाच्या दैनंदिन मालिकेत जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटे हाती येतात, आणि त्यातही प्रत्येक ब्रेकआधी प्रेक्षकाला धरून ठेवणारा क्षण लागतो. उद्याच पुढचा भाग असल्याने प्रश्न लहान असला तरी चालतो, मात्र तो अगदी स्पष्ट हवा. आठवड्याला एकदा येणाऱ्या मालिकेत प्रेक्षकाला हा प्रश्न सात दिवस सोबत न्यायचा असतो, म्हणून तो नात्याचा असणे आवश्यक ठरते. ओटीटीवर आठ-दहा भाग एकदम येतात आणि पुढचा भाग आपोआप सुरू होतो. तिथे मोठा धक्का देण्याची गरज कमी असते, पण पहिली काही मिनिटे आवडली नाहीत तर प्रेक्षक तिथेच सोडून जातो, त्यामुळे गाठीची पहिली खूण बरीच आधी दिसावी लागते. कोरियन प्रेममालिका बहुधा १२ ते १६ भागांच्या आणि प्रत्येक भाग तासाभराचा अशा असतात, आणि त्यांची सावकाश चाल पाहून आलेला लेखक तीच चाल २२ मिनिटांच्या भागात आणू पाहतो तेव्हा दोघांची भेटच पहिल्या भागात मावत नाही. दोष शैलीचा नसतो, मापाचा असतो.

मापाबद्दल आणखी एक व्यवहारातली गोष्ट. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक टंकासाठी आणि मांडणीसाठी आहे. एका बाजूला दृश्य आणि दुसऱ्या बाजूला संवाद अशा दोन रकान्यांत देवनागरीत लिहिलेल्या संहितेला तो नेमका लागू पडत नाही. संहिता मोठ्याने, थांबे धरून वाचावी आणि घड्याळ लावावे. प्रेमकथेत थांबे जास्त असतात, आणि कागदावर बसलेला भाग चित्रीकरणानंतर लांबला की संकलनात पहिल्यांदा कापले जातात ते हे थांबेच. वरच्या प्रसंगातली ‘क्षणभर काहीच ऐकू येत नाही’ ही ओळ कापली, तर त्या प्रसंगात प्रेम उरत नाही.

सगळे प्रेम पहिल्याच भागात खर्च झाले असेल तर

काही मसुद्यांत वरचे सगळे ठीक असते, आणि तरी वाचून पोट भरल्यासारखे वाटते. पाहावे तर पहिल्या भागातच दोघे पावसात अडकलेले असतात, तिला ताप येतो, तो रात्रभर उशाशी बसतो, सकाळी ती त्याच्याकडे झोपेत हसून पाहते. जवळिकीचा एवढा साठा एका भागात वापरला की दुसऱ्या भागाला मागे जावे लागते, आणि मग भांडण लावून दोघांना दूर करावे लागते. अशा वेळी मी लेखकाला ‘अजून नाही’ची यादी करायला सुचवतो. एकमेकांचे नाव घेणे, ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणे, पहिला स्पर्श, एकमेकांच्या घरी पाऊल टाकणे, जुनी जखम सांगणे, एकमेकांसमोर रडणे या सगळ्या पायऱ्या लिहून काढाव्यात आणि पहिल्या भागात त्यांतली एखादीच घ्यावी. आपल्या उदाहरणात पहिल्या भागाच्या अखेरीस दोघांनी एकमेकांची नावेही विचारलेली नाहीत. तो तिला ‘मॅडम’ म्हणतो आणि ती त्याला गाडीच्या क्रमांकाने ओळखते. ज्या दिवशी नियंत्रण कक्षातून ती क्रमांकाऐवजी त्याचे नाव उच्चारेल, त्या दिवशी वेगळ्या पार्श्वसंगीताची गरज उरणार नाही.

संगीताचा विषय निघाला म्हणून सांगतो, की संहितेत ‘रोमँटिक संगीत सुरू’ किंवा ‘स्लो मोशन’ असे जिथे लिहिले असेल तिथे खूण करून ठेवावी. प्रसंगात भाव तयार झालेला नाही हे लेखकाला आतून जाणवलेले असते आणि म्हणून ती सूचना आलेली असते. सूचना काढून प्रसंग वाचावा. तो रिकामा वाटला तर दुरुस्ती तिथेच हवी आहे.

तरीही तक्रार राहिली तर

मग दोघांपैकी एक पात्र पोकळ आहे असे समजून शोध घ्यावा. नायिकेला नायक भेटलाच नसता तर हा आठवडा तिने कसा घालवला असता, आणि नायकाने कसा, हे लिहून पाहावे. ज्याच्या बाबतीत पेन थांबते, ते पात्र फक्त प्रेमात पडण्यासाठी जन्माला आलेले असते. बरेचदा हे नायकाच्या बाबतीत होते, कारण त्याला हवाहवासा करण्याच्या नादात त्याचे कोणतेही काम अडलेले नसते, त्याला कशाची भीती नसते आणि त्याच्याकडे भरपूर वेळ असतो. त्याला पहिल्या भागात असे एक काम द्यावे, जे नायिका आयुष्यात आल्याने बिघडेल.

अभिप्राय घेण्याची रीतही बदलावी. ‘कसे वाटले?’ असे विचारले की वाचणारा माणूस सौजन्याने उत्तर देतो आणि लेखक त्यावर आणखी एक मसुदा वाया घालवतो. शेवटचे पान काढून ठेवून संहिता द्यावी आणि दोनच प्रश्न विचारावेत: पुढे तुम्हाला काय पाहायचे आहे, आणि काय घडेल याची भीती वाटते. वाचकाची इच्छा आणि त्याची भीती एकाच गोष्टीभोवती फिरत असतील, तर गाठ त्याच्यापर्यंत पोहोचली आहे. ‘ते दोघे पुन्हा भेटावेत’ ही इच्छा आणि ‘तिचे दुसरीकडे लग्न ठरेल’ ही भीती असे उत्तर आले, तर पुन्हा त्या दोन वाक्यांच्या कागदाकडे जावे.

दुरुस्त्या करताना क्रम पाळावा. आधी गाठ, मग भेटीचा प्रसंग, मग शेवट, मग जवळिकीची यादी, आणि संवाद सर्वांत शेवटी. कारण गाठ बदलली की आधी घासूनपुसून ठेवलेले संवाद निरुपयोगी होतात आणि ते काढवत नाहीत म्हणून लेखक चुकीची गाठ तशीच ठेवतो. दुरुस्त मसुदा पाठवण्याआधी दुसऱ्या ते पाचव्या भागाच्या वन-लायनर लिहून पाहाव्यात, प्रत्येक भागाला एक ओळ, आणि अट एवढीच की कथा पुढे नेण्यासाठी पहिल्या भागात न आलेल्या कोणत्याही पात्राचा आधार घ्यायचा नाही. चार ओळी सहज सुचल्या तर मसुदा पाठवण्यास हरकत नाही. तिसऱ्या भागापाशीच नवा खलनायक किंवा जुनी ओळख आणावीशी वाटली, तर मसुदा आणखी एक दिवस स्वतःकडे ठेवावा.